मालिका कधी सोडावी? शेवट हरवलेल्या गोष्टीचा इतिहास



आजचा विषय साधा वाटेल. उतरणीला लागलेली मालिका पाहणं कधी थांबवावं? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं, असं कुणाला वाटलं तर त्यात गैर नाही. पण हा प्रश्न आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी विचारला जातो. ‘आता काही दम राहिला नाही हो हिच्यात,’ असं म्हणत म्हणत माणसं पुढची दोन वर्षं तीच मालिका पाहतात. ही काय भानगड आहे? कंटाळा आला तर उठावं, इतकं ते सोपं का नाही? याचं उत्तर माणसाच्या आळसात शोधण्याआधी इतिहासात शोधावं, असं आम्हाला वाटतं. कारण आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न या स्वरूपात पडलाच नव्हता.

त्यांच्या काळी गोष्टीला शेवट असायचा आणि तो सांगणाऱ्याच्या हातात असायचा. कीर्तनात पूर्वरंग, मग उत्तररंग, मग आरती. मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोत्यांना कळायचं, आता चपला शोधायच्या. पोथीचा शेवटचा अध्याय वाचून झाला की समाप्ती. सोळा सोमवारांच्या व्रतालासुद्धा सतरावा सोमवार उद्यापनाचा ठरलेला. ऐकणाऱ्यानं मन लावून ऐकावं, एवढंच. गोष्ट संपवण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

यामागं एक विचार होता, आणि तो फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. मुखात बीज पेरायचं, निर्वहणात त्याचं फळ हाती यायचं. उपकथानकाला तिथं ‘पताका’ म्हटलं आहे. ही पताका गर्भ किंवा विमर्श संधीपर्यंतच चालावी, त्यापुढं तिनं मागं सरावं, असा दंडक आहे. म्हणजे पाहुणा कितीही लाडका असला तरी घरच्या कार्याच्या वेळी त्यानं यजमानाच्या पाटावर बसायचं नाही.

तिकडं ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं हेच वेगळ्या शब्दांत मांडलं. कथेला आदी, मध्य आणि अंत हवा. तिची लांबी अशी हवी की ती सगळी स्मरणात मावली पाहिजे. पुढं तो एक फार मजेशीर निरीक्षण करतो. ज्यांतल्या घटना एकीतून दुसरी निघत नाहीत, नुसत्या एकीमागून एक येतात, ती कथानकं त्याला सर्वांत वाईट वाटतात. वाईट कवी अशी कथानकं रचतात ती अंगात कुवत नसते म्हणून. पण चांगले कवीसुद्धा रचतात, कारण त्यांना नटांची सोय पाहायची असते, स्पर्धेत उतरायचं असतं. आणि मग ते कथा तिच्या ताकदीपलीकडं ताणतात. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचं हे निदान आहे. त्यात ‘स्पर्धा’च्या जागी ‘टीआरपी’ घाला, एक अक्षरही जुनं वाटणार नाही.

आता दूरचित्रवाणीकडं येऊ. आपल्याकडची पहिली मोठी मालिका म्हणजे ‘हम लोग’. ७ जुलै १९८४ रोजी ती दूरदर्शनवर सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ मध्ये, दीडशेच्या वर भाग करून, संपली. तिची कल्पना आली मेक्सिकोहून. आपल्या विदर्भाचे वसंत साठे तेव्हा केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. १९८२ मध्ये ते मेक्सिकोला गेले. तिथं मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय लोकांच्या गळी उतरवले होते. साठ्यांना वाटलं, हे आपल्याकडं का होऊ नये? मनोहर श्याम जोशींनी ती लिहिली आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी चार शब्द बोलू लागले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की लॅटिन अमेरिकेतल्या या मालिका, ज्यांना तिकडं ‘टेलिनोव्हेला’ म्हणतात, संपण्यासाठीच रचलेल्या असतात. काही महिने, फार तर वर्ष-दीड वर्ष, आणि मग शेवट. दूरदर्शनचा हिशेबही असाच होता. तेरा भाग, सव्वीस भाग, बावन्न भाग, असा मंजुरीचा आकडा असायचा. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं तेव्हा त्याला ५२ भागांची मंजुरी होती. लोकांच्या प्रेमामुळं ती वाढत ७८ वर गेली, तरी ३१ जुलै १९८८ ला ते थांबलं. पुढं उत्तरकांडाची मागणी झाली, तर त्याची वेगळी मालिका निघाली. म्हणजे मोह तेव्हाही होता, पण मर्यादाही होती.

दुसरी परंपरा अमेरिकेची. तिथं साबण विकणाऱ्या कंपन्यांनी दुपारच्या वेळी घरातल्या बायकांसाठी रेडिओवर मालिका पुरस्कृत केल्या. म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ नाव पडलं. त्यातली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ च्या सप्टेंबरात बंद झाली. बहात्तर वर्षं! साबण रोज विकायचा असतो, त्यामुळं गोष्ट संपून कशी चालेल? इथं गोष्टीचा शेवट हा गोष्टीचा भाग उरला नाही. तो धंद्याचा तोटा झाला.

उपग्रह वाहिन्या आल्यावर आपण नकळत मेक्सिकोच्या वाटेवरून या अमेरिकन वाटेवर आलो. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ३ जुलै २००० ला सुरू झाली आणि ६ नोव्हेंबर २००८ ला थांबली. भाग झाले १८३३. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून अधिक भाग. नावात चार दिवस, प्रत्यक्षात अकरा वर्षं.

‘क्योंकि’चंच उदाहरण घेऊ. तिचं बीज नावातच होतं: सासूही कधी काळी सून होती. पुजाऱ्याची मुलगी तुलसी श्रीमंत विरानींच्या घरात सून म्हणून येते, सोसते, उभी राहते. भरतमुनींच्या हिशेबानं निर्वहण कुठं येईल? तुलसी स्वतः सासू होईल आणि आपलं सूनपण तिला आठवेल, तिथं. बीजाला फळ आलं, कार्य संपलं. पण मालिकेनं काळ एकदम वीस वर्षांनी पुढं ढकलला, तुलसी सासू झाली, आणि गोष्ट मात्र पुढं अनेक वर्षं चालूच राहिली. मिहिर अपघातात मेला, प्रेक्षक खवळले, तर तो जिवंत होऊन परत आला. पुढं ती भूमिका करणारा नट बदलला. पताका इतक्या झाल्या की ध्वजस्तंभच दिसेना.

आणि शेवट कसा झाला? आमच्या मते इतिहासकारानं जपून ठेवावा असा प्रसंग आहे हा. प्रेक्षक घटले म्हणून वाहिनीनं मालिका बंद करण्याची नोटीस दिली. निर्मात्या कंपनीनं मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयानं वाहिनीच्या बाजूनं निकाल दिला, कारण टीआरपी ठरावीक पातळीखाली गेला तर मालिका थांबवण्याचा हक्क करारानं वाहिनीला दिला होता. बघा, भैरवी होती ती करारनाम्याच्या कलमात! गोष्टीत नव्हतीच. त्यामुळं २०२५ च्या जुलैमध्ये हीच मालिका पुन्हा सुरू झाली याचंही आश्चर्य वाटायला नको. जे संपलंच नव्हतं ते पुन्हा सुरू व्हायला अडचण कसली?

आता प्रेक्षकाकडं वळू. शेवट लेखकाच्या हातून सुटला, तो आला कुणाकडं? कागदोपत्री वाहिनीकडं, पण प्रत्येक घरापुरता तो आला आपल्याकडं. आणि आपण या कामाला तयार नव्हतो. आपल्या मनात अजून व्रताचा संस्कार आहे. घेतला वसा टाकू नये. अर्धवट सोडलं तर काहीतरी अपुरं राहील, ही रुखरुख. त्यात गुंतवणुकीचा मोह मिळतो. आर्कस आणि ब्लूमर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नाट्यगृहाच्या हंगामी तिकिटांवर केलेला प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तिकीट पूर्ण किमतीला दिलं, काहींना सवलतीत, आणि कुणाला काय मिळेल हे नशिबावर सोडलं होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, गेलेले पैसेही कुणालाच परत मिळणार नव्हते. तरी ज्याचे जास्त गेले तो जास्त वेळा जाऊन बसला. मालिकेत तर आपण पैशाऐवजी आयुष्य भरतो. अर्ध्या तासाचा एक भाग धरला तर १८३३ भाग म्हणजे नऊशेहून अधिक तास. झोप-जेवण न धरता सलग अडतीस दिवस.

कुणी म्हणेल, आम्ही पाहत राहू आणि नाराजी कळवत राहू. मित्रहो, टीआरपीची मोजणी कोट्यवधी घरांपैकी निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून होते. तुमच्या घरी तो मीटर नसेल तर तुम्ही मालिका पाहिलीत काय आणि सोडलीत काय, त्या आकड्यात कुठंच उमटत नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण यात एक मोकळीकही आहे. तुमचं सोडणं हा निषेध नाही, कलाकारांशी बेइमानी तर नाहीच नाही. तो फक्त तुमचा, तुमच्या संध्याकाळींबद्दलचा निर्णय आहे.

मग तो कसा घ्यावा? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला भरतमुनींचा: या मालिकेचं बीज अजून जिवंत आहे का, की फळ येऊन गेलं आणि आता नुसता पाला वाढतोय? दुसरा ॲरिस्टॉटलचा: मालिकेला स्वतःचं आठवतं का? मागच्या वर्षी जे घडलं त्याचं ओझं आज पात्रांच्या खांद्यावर दिसतं का? एखादा भाग पडतो, एखादा महिना वाईट जातो, तेवढ्यावरून सोडू नये. चांगल्या गवयाचीही एखादी तान फसते. पण जी मालिका आपला भूतकाळ विसरली, तिच्यासाठी तुम्ही तो लक्षात ठेवण्याचं बंधन उरत नाही. तिसरा प्रश्न त्या नाट्यगृहातला: मागचे सगळे भाग पाहिलेच नव्हते असं धरलं, तर आज ही मालिका सुरू कराल का?

तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तरी एक बाजू उरते, आणि ती आम्ही हलकी मानत नाही. अनेक घरांत मालिका ही गोष्ट नसते, सोबत असते. अंथरुणाला खिळलेल्या आजींचं ते घड्याळ असतं. परगावच्या जावेशी फोनवर बोलायला तो एक विषय असतो. सासू-सुना दिवसभरात एका सोफ्यावर बसतात त्या तेवढ्याच अर्ध्या तासापुरत्या. अशा वेळी ‘कथानक भरकटलं’ म्हणून टीव्ही बंद करणं हा अरसिकपणा नव्हे, निष्ठुरपणा ठरेल. पण इथंही स्वतःशी खरं बोलावं. आपण मालिकेसाठी बसलो आहोत की शेजारच्या माणसासाठी? माणसासाठी असेल तर खुशाल बसा, आणि पडद्यापेक्षा थोडं त्याच्याकडं बघा. कदाचित त्यालाही ती मालिका केव्हाच नकोशी झालेली असेल, आणि तो तुमच्यासाठी बसला असेल.

आणि शेजारी कुणी नसेल, बीजही उरलं नसेल, तर उद्यापन करावं. ज्या प्रसंगाशी तुमच्या लेखी गोष्ट पुरी झाली, तो प्रसंग मनाशी ठरवावा, ‘माझ्यापुरती ही इथं सुफळ संपूर्ण’ म्हणावं आणि उठावं. पुढं मिहिर पुन्हा मरो की पुन्हा जगो, तो तुमच्या गोष्टीचा भाग नाही. लेखकाला जो शेवट लिहू दिला गेला नाही तो प्रेक्षकानं लिहायचा, हे काम आपल्या पिढीकडं नव्यानं आलं आहे. आमच्या वयाच्या माणसांनी तर ते लवकर शिकून घ्यावं.