कीप युवरसेल्फ अलाइव्ह

कीप युवरसेल्फ अलाइव्ह : ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची पहिली एकगीत-ध्वनिमुद्रिका (सिंगल). ईएमआय कंपनीने ती ६ जुलै १९७३ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. पुढे जगभर लोकप्रिय झालेल्या या वाद्यवृंदाची ही पहिली तबकडी तेथील विक्रीच्या क्रमवारीत कोठेही आली नाही. गीत वादक ब्रायन मे याचे. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१) हा मात्र महाराष्ट्रातील पाचगणी येथे शिकलेला होता.

मर्क्युरीचे मूळ नाव फरोख बलसारा. जन्म झांझिबारमधील एका पारशी कुटुंबात. गुजरातमधील बलसार (वलसाड) गावावरून पडलेले हे आडनाव. वडील वसाहत सरकारच्या न्यायालयात रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाला शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. ब्रिटिश अमदानीत वसलेल्या सह्याद्रीतील थंड हवेच्या ठिकाणांपैकी माथेरान हे प्रामुख्याने मुंबईकरांच्या सुटीचे स्थान राहिले, तर पाचगणी हे निवासी शाळांचे गाव बनले. दूरदेशीच्या पालकांची मुले तेथे वर्षानुवर्षे राहत. पियानोचे शिक्षण, प्रार्थनागीतांचे वृंदगायन व नाट्यप्रयोग हा शालेय जीवनाचा नित्याचा भाग होता. फरोखचा संगीताकडील कल पाहून त्याला पियानोचे स्वतंत्र शिक्षण देण्यात आले व त्याने परीक्षांच्या चार श्रेणी उत्तीर्ण केल्या. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले.

सु. १९५८–५९ मध्ये शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गीते ऐकून बसवावयाची आणि शाळेच्या समारंभांत सादर करावयाची, असा त्यांचा क्रम होता. बास वाद्य चहाच्या खोक्यापासून बनविलेले होते. फ्रेडी पियानोवर असे. मुख्य गायक मात्र दुसराच मुलगा होता, ही नंतरचा इतिहास पाहता काहीशी गमतीची बाब म्हणावी लागेल. ड्रम वाजविणारा व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात उच्चपदी पोहोचला, तर गिटारवादक डेरिक ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेता झाला. हेक्टिक्सची ध्वनिमुद्रिका कधी निघाली नाही.

झांझिबारमधील जानेवारी १९६४ च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. फ्रेडीने ईलिंग येथील कलाशाळेत आलेख्यकलेचे शिक्षण घेतले. तेथील सहाध्यायी टिम स्टाफेल हा ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्या ‘स्माइल’ या वाद्यवृंदात गात असे. स्टाफेल १९७० मध्ये बाहेर पडला, फ्रेडी आत आला आणि वाद्यवृंदाला ‘क्वीन’ हे नाव त्यानेच दिले. ‘मर्क्युरी’ हे आडनाव त्याने याच सुमारास घेतले. बासवादक जॉन डीकन १९७१ मध्ये आल्यावर चौकडी पूर्ण झाली.

प्रस्तुत गीताचे पहिले ध्वनिमुद्रण १९७१ च्या अखेरीस लंडनच्या वेम्ब्ली भागातील डी लेन ली या नव्या ध्वनिमुद्रणगृहात झाले. तेथील यंत्रसामग्रीची चाचणी घेण्यासाठी मोठ्या आवाजात वाजविणारे वादक हवे होते. त्याचा मोबदला म्हणून क्वीनला आपली पाच गीते विनामूल्य मुद्रित करता आली. पुढील वर्षी ट्रायडेंट या संस्थेशी करार झाला. पण तेथे नामांकित कलावंतांनी सोडलेल्या मोकळ्या वेळातच, बहुधा रात्री, काम करावे लागे. गीत पुन्हा मुद्रित झाले. मात्र पहिल्या मुद्रणातील जोम त्यात उतरला नाही, असे मेचे मत राहिले. अनेक मिश्रणे नाकारली गेली व अखेर माइक स्टोन या साहाय्यकाने केलेले मिश्रण स्वीकारण्यात आले. दरम्यान वितरक कंपनी मिळण्यास विलंब झाला. त्यामुळे १९७१ मध्ये नवे वाटणारे संगीत श्रोत्यांपुढे आले ते १९७३ च्या मध्यावर. तोवर डेव्हिड बोई, लेड झेपेलिन आदींशी त्याची तुलना होऊ लागली होती. अपयशाची कारणे गीताच्या गुणवत्तेपेक्षा या दिरंगाईत अधिक शोधावी लागतात.

गीताचा आरंभ एकट्या गिटारच्या फिरत्या, लाटांसारख्या नादाने होतो. ही गिटार मे व त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच बनविली होती. अनेक गिटारस्वर एकावर एक रचण्याची मेची पद्धत येथे प्रथमच दिसते. मध्ये ड्रमचा छोटा स्वतंत्र भाग असून त्यानंतर टेलर व मे यांचे प्रश्नोत्तररूप गायन येते. शब्द वरवर उमेद देणारे भासले, तरी मेला त्यात उपरोध अभिप्रेत होता. मर्क्युरीच्या खणखणीत गायनात तो उपरोध बराचसा हरवला.

नभोवाणीने या तबकडीला फारशी साथ दिली नाही. बीबीसीच्या ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे मात्र नाव नसलेली एक चाचणी-प्रत पोहोचली. गाणारे कोण, हे निर्मात्यास ठाऊक नव्हते. जुन्या चलच्चित्राच्या जोडीने त्याने ते गीत दाखविले आणि प्रेक्षकांनी चौकशी केली. क्रमवारीत वाद्यवृंदाचा प्रवेश १९७४ मध्ये ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ या मर्क्युरीरचित गीताने झाला. ते दहाव्या स्थानापर्यंत पोहोचले.

पाचगणीला या पहिल्या गीताचे श्रेय देण्याचा मोह टाळावयास हवा. गीत त्याचे नव्हते आणि त्यात पियानोही प्रमुख नाही. पाचगणीत मिळालेले पियानोचे वळण व वृंदगायनाचा सराव यांचा माग काढावयाचा, तर १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’कडे वळावे लागते. स्वतः मर्क्युरी मुलाखतींतून आपल्या भारतातील बालपणाविषयी क्वचितच बोलत असे. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे जलशांतून दीर्घकाळ गायिले गेले. १९७५ मध्ये अमेरिकेसाठी त्याचे पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यात आले; ते त्या वेळी बाजूला पडले व १९९१ मध्ये पहिल्या दीर्घिकेच्या अमेरिकन पुनरावृत्तीत समाविष्ट झाले.