मोहर आणि मजकूर

पत्राला दोन अंगे असतात. एक मजकूर, दुसरे, तो मजकूर कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने धाडला याची खूण. ही अंगे परस्परांपासून तुटली म्हणजे कोणता अनर्थ ओढवतो, याचा दाखला संतपूर-औरादकडील आम्हा लोकांना दूर शोधावा लागत नाही. बिदरला जाऊन ख्वाजा महमूद गवानाचा मदरसा न पाहता परतणारा विरळाच!

इराणातील गीलान प्रांतातून आलेला हा विद्वान बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याने सुभेदारांच्या सत्तेला आळा घातला, तेव्हा दरबारातील काही सरदार त्याच्या जिवावर उठले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, वजिराची मोहर सांभाळणाऱ्या सेवकाला मद्याच्या धुंदीत गाठून त्यांनी कोऱ्या कागदावर मोहर उमटवून घेतली. मग त्याच कागदावर, बहामनी राज्यावर चालून यावे, असे ओरिसाच्या राजाला आमंत्रण लिहिले. सुलतान मुहम्मदशहाने जाब विचारला, तेव्हा मोहर आपली आहे, परंतु मजकूर आपला नव्हे, असे गवानाने सांगितले. सुलतानाने अधिक चौकशी केली नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. पण पुढच्याच वर्षी तोही वारला, आणि कालांतराने राज्याची पाच शकले झाली.

याच गवानाची खरी पत्रे मात्र आजही वाचावयास मिळतात. ‘रियाजुल इन्शा’ हा त्याच्या फारसी पत्रांचा संग्रह १९४८ साली हैदराबादेत छापून निघाला. मजकूर ग्रंथरूपाने उतरला गेला, म्हणून तो टिकला. मूळ कागदावरील मोहरा काही नकलेत उतरत नाहीत. भाषेच्या अभ्यासकाला नक्कल पुरते, न्यायाधीशाला ती पुरत नाही.

श्रोतेहो, हाच प्रश्न आज ई-मेलने आपल्यापुढे उभा केला आहे. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर धाडलेला निरोप साध्या अक्षरांचा होता. १९९२ साली ‘माइम’ हा संकेत ठरला आणि एकाच पत्रात साधा मजकूर, एचटीएमएल या खुणांच्या भाषेत सजविलेला मजकूर, चित्रे व जोडपत्रे असे निरनिराळे भाग मावू लागले. प्रवासासाठी हे भाग पुष्कळदा सांकेतिक अक्षरांत बदललेले असतात. एचटीएमएल मजकूर वेगळा काढून जपावयाचा तर आधी तो भाग हुडकावा लागतो, मग संकेत उलगडावा लागतो, आणि शेवटी योग्य लिपिसंकेतात तो साठवावा लागतो. नाहीतर देवनागरीची चिन्हे विस्कटून जातात. चित्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. काही चित्रे पत्रातच असतात, काही दूरच्या संगणकावर. तो संगणक बंद पडला की पत्रात रिकामी चौकट उरते.

एवढे सारे साधले तरी मोहर मागेच राहते. पाठविणारा, तारीख व प्रवासाचा मार्ग हे सारे पत्राच्या शिरोभागात नोंदलेले असते. २००७ साली प्रमाण ठरलेल्या ‘डीकेआयएम’ पद्धतीची आकडी सहीही तेथेच असते. ही सही मजकुरावरूनच गणिताने काढलेली असल्यामुळे ती कोऱ्या कागदावर आगाऊ उमटविता येत नाही, आणि सही केलेला मजकूर मागाहून बदलल्यास जुळत नाही. पत्र कोणाच्या बोटांनी लिहिले, हे ती सांगत नाही. ते कोणत्या संस्थेच्या नावाने निघाले, एवढीच ग्वाही देते. तरीही गवानाच्या मोहरेत नेमका हाच गुण नव्हता.

नेमणुकीचे हुकूम, निवृत्तिवेतनाची पत्रे, परगावच्या मुलांची खुशाली, हे सारे आता ई-मेलनेच येते. म्हणून प्रथम संपूर्ण पत्र जसेच्या तसे ‘ईएमएल’ स्वरूपात जतन करावे, आणि मगच वाचनासाठी मजकुराची नक्कल काढावी. नक्कल केव्हाही पुन्हा काढता येते. टाकून दिलेले मूळ पत्र पुन्हा मिळत नाही.