वेगळ्या चुली

माझा एक भाचा आहे. दिवसा नोकरी करतो आणि रात्री जेवणखाण आटोपले की आपल्या खोलीत संगणकापुढे बसतो. गेली तीन वर्षे तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. मागच्या दिवाळीत त्याने ती मला दाखवली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली आणि तिच्या पुढे एक चौकोन लुकलुकत राहिला. "मामा, आता कीबोर्डसुद्धा चालतो!" हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की पुढचा प्रश्न मी विचारायलाच नको होता. पण विचारला. "अरे, असले उद्योग करणारी माणसं जगात शेकड्यांनी आहेत म्हणतोस. मग तुम्ही सगळे मिळून एकच काय ती धड का करीत नाही? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

तो काही बोलला नाही. प्रश्न मात्र माझ्याच मागे लागला. मी या विषयाचा इतिहास चाळू लागलो, आणि जसजसा चाळत गेलो तसतसा माझा मूळचा ठामपणा ढिला होत गेला. ती हकीकतच आज सांगायची आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला केव्हा वेळ द्यायचा, मेमरीतली जागा कुणाला किती वाटून द्यायची, पडदा, कीबोर्ड, डिस्क यांच्याकडून कामे कशी करून घ्यायची, हे सारे हा कारभारी पाहतो. त्याच्या मधोमध असतो तो गाभा. शिवाय प्रत्येक यंत्रभागाशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलणारे दुभाषे लागतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. गाभा एकटा माणूस लिहू शकतो. दुभाष्यांची फौज मात्र एकट्याच्याने उभी राहत नाही, कारण यंत्रे हजार तऱ्हेची आणि त्यांत रोज नव्यांची भर. सगळ्या वादाची मेख इथे आहे.

'सगळ्यांनी एकत्र यावे' असे म्हणणारा माणूस हमखास लिनक्सकडे बोट दाखवतो. ते खरेच आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली इतकी मोठी दुसरी वस्तू सापडणे कठीण. पण ती एकत्र कशी आली, हे पाहू.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक जाहीर संकल्प सोडला: कुणालाही वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारायची. तिचे नाव ग्नू. हा अगदी आमच्या मनासारखा बेत होता. उद्देश एक, घर एक, या सगळे. आणि बाकीचे सामान खरोखर तयार झाले. त्यांचा कंपायलर १९८७ साली बाहेर पडला आणि तो नंतर साऱ्या जगाने वापरला. राहिला तो गाभा. हर्ड नावाच्या या गाभ्याचे काम १९९० साली सुरू झाले. त्याचा आराखडा मोठा देखणा होता: एक भलामोठा कारभारी न ठेवता अनेक छोटे सेवक नेमायचे आणि त्यांनी एकमेकांना निरोप धाडत कारभार करायचा. कागदावर हे शोभून दिसले, पण कोणता निरोप कुठे अडला हे शोधता शोधता लिहिणारे घायकुतीला आले. हर्डची १.० ही आवृत्ती आजवर निघालेली नाही.

हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ च्या जानेवारीत ३८६ जातीचा संगणक विकत घेतला. विद्यापीठाच्या संगणकाशी घरून जोडणी करता यावी म्हणून त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो वाढत वाढत गाभा होऊन बसला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने इतर हौशी मंडळींना कळवले, की मी एक मोफत प्रणाली करतो आहे, ती निव्वळ हौस आहे, ग्नूसारखी मोठी व्हायची नाही. सप्टेंबरात पहिली आवृत्ती आली ती सुमारे दहा हजार ओळींची. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले, की ग्नूचा गाभा वेळेवर तयार असता तर मी या भानगडीत पडलोच नसतो.

हे वाक्य माझ्या भाच्याला मी ऐकवलेल्या उपदेशाच्या बरोबर उलट जाते. १९९१ साली एखाद्या शहाण्या मामाने टॉरव्हाल्ड्सला सांगितले असते, 'बाबा रे, तिकडे ग्नूवाले करीतच आहेत, त्यांना हातभार लाव,' आणि त्याने ते ऐकले असते, तर काय झाले असते?

उपदेश करणारे नव्हते असेही नाही. अॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर मिनिक्स नावाची छोटी प्रणाली दिली होती. टॉरव्हाल्ड्स शिकला तो तिच्यावरच. लोक म्हणत, हिच्यात हे घाला, ते घाला. प्राध्यापक नको म्हणत. विद्यार्थ्याला एका सत्रात वाचून समजली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. (मला तो हट्ट रास्त वाटतो. शिकवण्याची वस्तू आणि वापरण्याची वस्तू एक नव्हे.) १९९२ च्या जानेवारीत त्यांनी लिनक्स जुनाट आहे, सगळे एकाच गाठोड्यात बांधलेला गाभा म्हणजे मागे जाणे आहे, अशी जाहीर टीका केली. माझ्या वर्गात असतास तर या आराखड्याला चांगले गुण मिळाले नसते, असेही ऐकवले. तात्त्विक बाजूने त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. पण लोकांना त्याच आठवड्यात आपल्या यंत्रावर चालेल असे काहीतरी हवे होते, आणि ते लिनक्स होते. त्याच वर्षी टॉरव्हाल्ड्सने त्याला ग्नूचाच परवाना लावला. त्यामुळे सुधारून वाटणाऱ्याने सुधारणाही खुली ठेवायची, हा नियम झाला. १९९४ च्या मार्चमध्ये १.० आवृत्ती निघाली, तेव्हा दहा हजारांच्या पावणेदोन लाखांवर ओळी झाल्या होत्या.

म्हणजे मंडळी आधी जमली आणि मग घर बांधले, असे झालेले नाही. कुणीतरी एकट्याने चूल पेटवली, तिच्यावर भात शिजताना दिसला, तेव्हा लोक आपापले तांदूळ घेऊन आले.

उलट बाजूची उदाहरणेही त्याच काळातली आहेत. विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने १९९२ साली बर्कलेच्या युनिक्सवरून ३८६बीएसडी काढली. लोकांनी दुरुस्त्या पाठवल्या, त्या साचत गेल्या, वेळेवर घेतल्या जाईनात. अखेर १९९३ साली त्यातून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी अशी दोन घरे निघाली; नेटबीएसडीतून १९९५ साली ओपनबीएसडी हे तिसरे. भाऊबंदकीच म्हणा ना! पण पुढे काय झाले? नेटबीएसडीने आपली प्रणाली जास्तीत जास्त जातींच्या यंत्रांवर चालवण्याचा ध्यास घेतला, ओपनबीएसडीने सुरक्षिततेचा. ओपनबीएसडीने केलेले ओपनएसएसएच हे दूरच्या संगणकाशी कुलूपबंद बोलण्याचे साधन लिनक्सवालेही वापरतात. वाटणी झाली, पण कोठारे एकमेकांना उघडी राहिली.

आणि ठराव करून सुरू झालेले काम? १९९६ साली काही हौशी लोकांनी विंडोज ९५ ची मोफत प्रतिकृती करायचे ठरवले. पुष्कळ माणसे जमली. आराखडा कसा असावा यावर चर्चा सुरू झाली ती संपेचना, आणि १९९७ सरले तरी हाती काही लागले नाही. बारभाईची शेती! शेवटी नव्याने सुरुवात करून विंडोज एनटीच्या धर्तीवर रिॲक्टओएस हाती घेतली, ती अजून चालू आहे.

तरीही दुभाष्यांचा प्रश्न उरतोच. लिनक्सच्या आजच्या कोट्यवधी ओळींत निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. प्रत्येक हौशी माणसाने नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून लिहिणे ही शुद्ध उधळपट्टी आहे, आणि इथे माझ्या चिंध्यांच्या म्हणीला थोडे वजन येते. हायकूवाल्यांनी ते ओळखले. २००१ साली बी नावाची कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या प्रणालीच्या चाहत्यांनी तीच पुन्हा लिहायला घेतली. २००४ साली तिचे हायकू असे नाव ठेवले. नेटवर्क कार्डांसाठी त्यांनी मध्ये एक पातळसा थर घातला आणि फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर जवळजवळ जसेच्या तसे चालवले. पूर्वी शेजारणीकडून तव्यावर विस्तव आणीत, तसे. चूल आपली ती आपलीच.

आणि हायकूचा गाभा? तो ट्रॅव्हिस गाइझलब्रेख्ट या माणसाने फावल्या वेळात लिहिलेल्या न्यूओएस या एकहाती प्रणालीवरून घेतला. चिंधीच म्हणायची ती. याच गृहस्थाने पुढे एलके नावाचा आणखी एक छोटा गाभा केला. त्यातून वाढलेला गाभा गूगलच्या फ्यूशा प्रणालीत बसला आणि २०२१ साली घरात टेबलावर ठेवायच्या नेस्ट हब नावाच्या पडद्यांवर पोचला. एकच प्रणाली करा असा कायदा असता, तर त्याला पहिल्याच वर्षी कुणा मोठ्याच्या हाताखाली बसावे लागले असते. शिवाय पगार न घेणाऱ्या माणसाची रात्र ही त्याची स्वतःची असते. ती दुसऱ्याच्या आराखड्यात बसवायला निघालो, तर तो आराखड्यात बसत नाही, झोपायला जातो.

गेल्या आठवड्यात भाच्याला फोन केला. नेटवर्क कार्ड चालत नाही म्हणून वैतागला होता. मी काही न सुचवताच म्हणाला, "मामा, फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर उघडून वाचायला घेतलाय. त्यांनी एका ठिकाणी टीप लिहून ठेवली आहे, तिने माझे दोन महिने वाचतील."