खाचरातला मासा: कोणाला केव्हा आत सोडायचं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की भातात मासे आणि बदकं पाळायची कल्पना नक्की कोणाची? नाव सांगता येणार नाही. पण जुनी लेखी नोंद सांगता येते, आणि ती मोठी मजेशीर आहे.

चीनमध्ये हान काळातल्या थडग्यांत मातीची छोटी खाचरं सापडली आहेत, त्यात मासेही आहेत. पण त्यावरून मासे भाताबरोबर वाढवत होते असं ठाम म्हणता येत नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस मात्र लिऊ शून नावाचा अधिकारी दक्षिणेच्या डोंगराळ भागाबद्दल, म्हणजे आजच्या ग्वांगडोंगबद्दल, स्पष्ट लिहितो. लोक पडीक जमीन खणतात, वसंतातला पाऊस त्यात साठवतात आणि गवत्या माशाची पिल्लं सोडतात. एक-दोन वर्षांत मासे गवत मुळासकट फस्त करतात. मासे विकून पैसे येतात, जमीन तयार होते, आणि मग भात लावला की तण नाही!

आता यात गंमत काय ते बघा. भात हेसुद्धा गवतच. गवत्या मासा भाताचं कोवळं रोपही सोडणार नाही. म्हणून मासा आधी, भात नंतर. सगळी अक्कल या क्रमात आहे. आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे खाचरात येतातच की. पण ते आपले आपण येतात, त्यांना कोणी कामाला लावलेलं नाही.

जेजियांग प्रांतातल्या चिंगत्येनमध्ये भात आणि मासा एकाच वेळी असतात, कारण तिथला मासा लालसर कार्प आहे, तो भात खात नाही. ग्वीजौमधल्या दोंग लोकांनी तिसरा गडी आणला: बदक. बदक मासे खातं! मग आधी मत्स्यबीज सोडायचं, आणि मासे बदकाच्या चोचीत मावणार नाहीत एवढे झाले की बदकं. भात निसवायला लागला की बदकं बाहेर, नाहीतर लोंब्या संपल्या.

जपानमध्ये ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ मध्ये फुकुओकाजवळ बदकं सोडली. त्याआधी दहा वर्षं तो रसायनांशिवाय शेती करत होता, म्हणजे वाकून वाकून तण काढत होता. सुरुवातीला कुत्र्यांनी बदकांचा फडशा पाडला, मग विजेचं कुंपण आलं. पुढे त्याने पाण्यात अझोला आणि मासेही आणले. पण पिल्लं लावणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनीच सोडायची आणि लोंबी येताना काढायची, हा नियम दोंग लोकांचाच वाटावा असा.

मधल्या काळात हे वेळापत्रक मोडलं कुठे? फवारणीत. ज्या पाण्यात कीटकनाशक पडतं त्यात मासा जगत नाही. शिवाय लवकर येणाऱ्या बुटक्या जातींना पाणी कमी लागतं आणि माशाला वाढायला दिवसही मिळत नाहीत. सरकारी हिशेबात फक्त भाताची पोती मोजली जायची, मासा कोणाच्याच रकान्यात नव्हता. इंडोनेशियात तर फवारणीने तुडतुड्यांचे शत्रूच मेले आणि तुडतुडे माजले. शेवटी १९८६ मध्ये भातावरची ५७ कीटकनाशकं बंद करावी लागली.

चिंगत्येनचा हिशेब २०११ मध्ये चिनी संशोधकांनी मांडला. मासे असलेल्या खाचरांत भाताचं उत्पन्न नुसत्या भाताएवढंच, पण कीटकनाशक ६८ टक्के कमी आणि रासायनिक खत २४ टक्के कमी. कारण अगदी साधं. मासे रोपांना धडका देतात, तुडतुडे पाण्यात पडतात, मासे ते खातात. भाताची सावली उन्हाळ्यात पाणी थंड ठेवते, म्हणजे माशाचाही फायदा.

चिंगत्येनला २००५ मध्ये जागतिक कृषी वारशाचा मान मिळाला, दोंग लोकांच्या पद्धतीला २०११ मध्ये. पण चिंगत्येन आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे: तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या युरोपात जातात, स्पेनला, इटलीला. तरुण तिकडे, खाचरं इकडे. बांधावरून फिरून पाणी किती आहे, मासा केवढा झाला हे बघायचं काम बरेचदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेच उरलं आहे.