योगदंडाचे लग्न

1962 साली मॉर्टन हायलिग या अमेरिकन गृहस्थाने ‘सेन्सोरामा’ नावाच्या पेटीचे पेटंट मिळविले. तीत डोके घालून बसले म्हणजे ब्रुकलिनच्या रस्त्यावरून मोटारसायकल दौडत असल्याचा भास होई. आसन हादरे, वारा अंगावर येई, निरनिराळे वासही सुटत. आज ज्याला आभासी वास्तव म्हणतात, त्याच्या पूर्वजांत ही पेटी मोजतात. तिच्यासाठी भांडवल मात्र उभे राहिले नाही. शिवाय तीत एक उणीव होतीच: सर्व इंद्रियांना मेजवानी असली तरी प्रेक्षकाने नुसते बसून राहावयाचे!

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत ही उणीव नाही. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने धरली. आपण विरक्त, तेव्हा आपल्या योगदंडाशी विवाह कर, असे त्यांनी सांगितले, अशी कथा आहे. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास ही कथा लोक नुसती ऐकत नाहीत, तीत वावरतात. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज निघतात आणि नगराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. ती उंच काठी पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी कमरेच्या आधाराने तोलतो. तिचा भार त्याच्या अंगाला कळतो, आणि ती जराशी झुकली की भोवतालच्यांचा श्वास अडखळतो. ‘हर्र बोला हर्र’चा घोष चालूच असतो. कथेचा भूगोल निराळा रचावा लागत नाही. गल्ल्या, तळे, लिंगे ही सारी जागच्या जागी आहेत, त्यांवर फक्त कथा पसरली जाते.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर संमतीचे वाचन होते, आणि हजारो हातांतील अक्षता एकदम उधळल्या जातात. सारे मर्म येथे आहे. मूठभर तांदूळ हाती आले की बघ्याचा वऱ्हाडी होतो. कोणतेही यंत्र एवढ्या स्वस्तात हे साधत नाही. पुढे होमविधीत वधूची प्रतिकृती अग्नीच्या स्वाधीन होते. काल अक्षता टाकणाऱ्या त्याच माणसांच्या तोंडावर तेव्हा आगीची धग येते. शोभेच्या दारूकामाला गर्दी फार. पण त्यात पाहण्यापलीकडे काही उरत नाही, हेही खरे.

2021 च्या जानेवारीत करोनाच्या साथीमुळे यात्रेवर निर्बंध आले. अक्षता पडल्या, परंतु मोजक्याच हातांनी. वऱ्हाड घरीच राहिले.