तांब्याच्या खाणीतून सेनेटात

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना. तेथील सरकारला नव्हे. हा भेद आपण सहसा ध्यानात घेत नाही. पुढे चाळीस वर्षांनी, १९१३ च्या जुलैत, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा त्या देशाने आपल्या सेनेटची निवडणूक लोकांच्या हाती देऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्याआधी सुमारे सव्वाशे वर्षे ती त्यांच्या हाती नव्हती. लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशाला एवढा उशीर का लागला?

१७८७ च्या राज्यघटनेत खालचे सभागृह लोकांनी निवडावे आणि सेनेटचे सभासद प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने निवडावेत, असे ठरले होते. राज्य लहान असो की मोठे, सभासद दोनच आणि मुदत सहा वर्षांची. आपल्या राज्यसभेला आमदार मते देतात, तसाच काहीसा प्रकार. लोकांच्या लहरीला लगाम हवा, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. पण घटना परिषदेतील एका सदस्याने ठेवलेल्या टिपणांत जेम्स मॅडिसन अधिक मोकळेपणाने बोलतात: मूठभर धनवंतांचे बहुसंख्यांपासून रक्षण करणे हे सेनेटचे काम, असे ते सांगतात. बिचाऱ्याला कल्पना नसावी की हे धनवंत स्वतःच्या रक्षणास पुरते समर्थ निघतील.

माँटाना राज्यातले विल्यम क्लार्क हे तांब्याच्या खाणींचे धनी. दुसरे ताम्रसम्राट मार्कस डेली यांच्याशी त्यांचे हाडवैर. क्लार्कना सेनेटची खुर्ची हवी होती आणि राज्याच्या विधिमंडळात सभासद शंभराहूनही कमी. एवढी माणसे विकत घेणे खाणमालकाला जड नव्हते. १८९९ च्या जानेवारीत फ्रेड व्हाइटसाइड या आमदाराने लाच म्हणून आलेले तीस हजार डॉलर सर्वांसमक्ष मांडले. मोठी खळबळ उडाली. तरीही त्याच महिन्याअखेर क्लार्क निवडून आले!

सेनेटच्या समितीने चौकशी केली आणि १९०० च्या वसंतात एकमताने निकाल दिला की ही निवड वैध नाही. हकालपट्टीची वेळ येण्याआधीच, मे महिन्यात, क्लार्कनी राजीनामा दिला. पुढची चाल तर नाटकात शोभावी अशी. माँटानाचे गव्हर्नर त्या वेळी राज्याबाहेर, कॅलिफोर्नियात होते. त्यांच्या जागी कारभार पाहणाऱ्या लेफ्टनंट गव्हर्नरने रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नेमणूक केली ती क्लार्क यांचीच. गव्हर्नर परतले, संतापले, त्यांनी ती नेमणूक रद्द ठरवून दुसरा माणूस नेमला. सेनेटने त्यालाही आत घेतले नाही. शेवटी १९०१ मध्ये नव्या विधिमंडळाने क्लार्कना रीतसर निवडले आणि ते सहा वर्षे सेनेटात बसले. आज लास व्हेगास शहर ज्या क्लार्क काउंटीत आहे, ती याच गृहस्थांच्या नावाची.

माँटाना रानवट खाणमुलूख, म्हणून असे घडले, अशी समजूत नको. पूर्व किनाऱ्यावरच्या जुन्या डेलावेअरमध्ये एका वायुकंपनीवाल्याच्या हट्टापायी विधिमंडळ असे अडले की १९०१ ते १९०३ त्या राज्याचा सेनेटात एकही सभासद नव्हता. ऱ्होड आयलंडचे नेल्सन ऑल्ड्रिच हे तर सेनेटचे खरे सूत्रधार. त्यांची कन्या १९०१ मध्ये रॉकफेलरांची सून झाली. १९०६ मध्ये डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांनी ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकात सेनेटवर विश्वासघाताचा आरोप करणारी लेखमाला लिहिली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट अशा लेखकांवरच उखडले.

घटना बदलण्याचा ठराव खालच्या सभागृहाने १८९३ पासून वारंवार मंजूर केला होता. तो अडला तो सेनेटातच. ज्यांची खुर्ची जायची, त्यांचीच संमती हवी होती. राज्यांनी स्वतंत्र घटना परिषद बोलावण्याचा धाक घातला, तेव्हा कुठे सेनेट नमली आणि ८ एप्रिल १९१३ रोजी सतरावी दुरुस्ती मंजूर झाली. फिलिप्सना ते पाहायला मिळाले नाही. १९११ मध्ये त्यांचा गोळी घालून खून झाला होता. अर्थात या ‘लोकां’त बहुतेक राज्यांतल्या स्त्रिया नव्हत्या आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंत पोचू दिले जात नव्हते.

पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, मिशिगनमध्ये ट्रुमन न्यूबेरी यांनी मोटारवाले हेन्री फोर्ड यांना हरवले. कायद्याने खर्चाची मर्यादा दहा हजार डॉलरची. पक्षाची उमेदवारी मिळवण्यातच न्यूबेरींच्या बाजूने दोन लाखांच्या आसपास उडाले. ते दोषी ठरले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये शिक्षा रद्द केली: पक्षांतर्गत निवडणुकीवर काँग्रेसचा अधिकार चालत नाही, म्हणून. जानेवारी १९२२ मध्ये सेनेटने ४६ विरुद्ध ४१ मतांनी एकाच ठरावात दोन गोष्टी सांगितल्या: न्यूबेरी खुर्चीला पात्र आहेत, आणि त्यांच्यासाठी झालेला खर्च सेनेटच्या प्रतिष्ठेला बाधक आहे. टीका थांबेना, तेव्हा नोव्हेंबरात त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी गव्हर्नरने जेम्स कझेन्स यांना नेमले. हे फोर्ड यांचे जुने भागीदार, आपला हिस्सा विकून कोट्यधीश झालेले. एवढे मात्र सांगायला हवे की श्रीमंतांना मिळणाऱ्या करसवलतींवरून अर्थमंत्री मेलन यांच्याशी सेनेटात सर्वांत कडवे भांडण याच कझेन्स यांनी केले.