भिलाई : एकाच नकाशावर चार टप्पे

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. बांधकाम टप्प्याटप्प्याने होतं तेव्हा ड्रॉइंगमध्ये ते टप्पे कसे सांभाळतात, हे आज बघायचं आहे. उदाहरण म्हणून आपण भिलाईला जाऊ.

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये पत्ता विचारला तर लोक सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर सांगतात. गाव आधी कागदावर आखलं गेलं आणि मग जमिनीवर उतरलं, हे त्या पत्त्यावरूनच कळतं. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याची राजधानी होती आपलं नागपूर. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात आलं आणि भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली. करार झाला तेव्हा ही जागा एका राज्यात होती, कारखाना उभा राहिला दुसऱ्यात, आणि 2000 पासून तो आहे तिसऱ्यात. जमीन मात्र तसूभरही हललेली नाही!

कारखान्याचंही तसंच. पहिला टप्पा वर्षाला 10 लाख टनांचा होता. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 4 फेब्रुवारी 1959 ला केलं, आणि 1960 च्या अखेरीपर्यंत तीन भट्ट्या झाल्या. 1967 मध्ये क्षमता 25 लाख टनांवर गेली, 1988 मध्ये 40 लाखांवर. त्यानंतरच्या विस्तारात आठवी भट्टी आली. तिचं नाव महामाया, आणि ती पेटली 2018 मध्ये. यातला प्रत्येक विस्तार चालू कारखान्यात झाला आहे. एका बाजूला लोखंडाचा रस वाहतोय आणि शेजारी पायासाठी खोदकाम चाललंय, अशी परिस्थिती.

आता ड्राफ्ट्समनच्या टेबलाकडे या. 1955 मध्ये पहिल्या भट्टीची रेघ ‘प्रस्तावित’ होती. 1967 च्या कामात तीच रेघ ‘अस्तित्वात असलेली’ झाली. रेघेची जागा तीच, जाडीही तीच असू शकते, पण अर्थ उलटा. पहिलीचा अर्थ ‘इथे बांधा’, दुसरीचा ‘इथे हात लावू नका’. खोदणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यात केवढा फरक आहे बघा. रेघेखाली चालू वायूनळी असेल तर तो जिवावरचा फरक आहे.

हाताने काढायच्या काळात यावर साधे उपाय होते. जुनं बारीक रेघेने आणि नवं जाड रेघेने काढायचं, पुढे कधीतरी होणारं तुटक रेघेने. जुन्या ट्रेसिंगवर नवं ट्रेसिंग ठेवून फक्त भर घालायची. कोपऱ्यातल्या चौकटीत दुरुस्तीचा क्रमांक आणि तारीख टाकायची. घर बांधताना नगरपालिकेत नकाशा दिला असेल त्यांना रंगही माहीत असतील. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार नवं काम लाल आणि पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवतात. ही पद्धत चांगलीच होती. अडचण एवढीच की काम संपल्यावर लाल भिंतीला काळी करायला कुणी परत येत नसे. नकाशा पन्नास वर्षं ‘प्रस्तावित’च राहायचा.

1982 मध्ये ऑटोकॅड आलं. एकावर एक ठेवलेल्या ट्रेसिंगची जागा लेयरने घेतली. जुन्याचा एक लेयर, नव्याचा एक, पाडायच्याचा एक. हवा तो दिसू द्यायचा, नको तो बंद करायचा. 1998 च्या आयएसओ 13567 या मानकाने तर लेयरच्या नावातच वस्तूच्या स्थितीसाठी जागा ठेवली. पण माझ्या मते लेयर हा अर्धाच उपाय आहे. टप्पा पुढे सरकला की शेकडो वस्तू एका लेयरवरून उचलून दुसऱ्यावर टाकाव्या लागतात, आणि तिथे चूक हमखास होते. शिवाय उद्या कुणी विचारलं की 1967 मध्ये इथे काय होतं, तर उत्तर पुसलं गेलेलं असतं.

2000 मध्ये आलेल्या रेव्हिट या सॉफ्टवेअरने प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला. तिथे प्रत्येक भिंतीला, खांबाला, नळीला दोन नोंदी असतात: कोणत्या टप्प्यात बांधलं आणि कोणत्या टप्प्यात पाडलं. बस्स. टप्पा निवडला की जुनं, नवं, पाडायचं हे सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं. ज्याचं बांधणं आणि पाडणं एकाच टप्प्यात, ते ‘तात्पुरतं’. मला ही नोंद फार आवडते. कारखाना उभारताना टाकलेली तात्पुरती पाण्याची लाइन किंवा क्रेनचा रूळ अंतिम नकाशात कधीच दिसत नाही, पण जमिनीत त्याचे अवशेष राहू शकतात.

भिलाईत हे किती गुंतागुंतीचं होतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे पहिली पोलाद शाळा, म्हणजे स्टील मेल्टिंग शॉप. तिथल्या ओपन हार्थ भट्ट्यांपैकी काहींचं पुढे ट्विन हार्थमध्ये रूपांतर झालं. त्याच इमारतीत, त्याच जागी. अशा वेळी एकाच चौकोनात पाडलेलं आणि बांधलेलं दोन्ही असतं. लेयरवर ते काढलं तर रेघांचा गुंता होतो. दोन नोंदी असतील तर 1967 चं चित्र वेगळं निघतं, आजचं वेगळं.

आता पुन्हा सेक्टर 2. टाऊनशिपमध्ये एका प्रकारच्या क्वार्टरचा एकच नकाशा असतो आणि त्यावरून घरांच्या रांगा उभ्या राहतात. पण साठ वर्षांत माणसं राहिली की व्हरांडा बंद होतो, मागे पत्र्याची शेड येते, कुठे एखादी खोली वाढते. या भिंतींना बांधल्याची नोंद नाही, म्हणून नकाशाच्या लेखी त्या नाहीतच. त्या शेडखालून मलनिस्सारणाची जुनी लाइन जात असेल, आणि ती बदलायची वेळ आली, तर संगणकावर सगळं मोकळं दिसतं आणि जागेवर कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. म्हणून अशा कामात सॉफ्टवेअर उघडण्याआधी टेप घेऊन घरोघरी फिरावं लागतं. प्रत्येक भिंत मोजायची आणि घरातल्या जुन्या माणसाला विचारायचं, ‘काका, ही खोली कधी झाली?’ तो जे साल सांगेल, ते त्या भिंतीच्या ‘कोणत्या टप्प्यात बांधलं’ या रकान्यात जातं.